उभा राहील त्याची जागा

आमच्या खालच्या मजल्यावरचे दामूशेठ घरत रॉक कॉन्सर्टला चटई घेऊन जातात.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस आपली थट्टा करतोय. पण गेटवर सिक्युरिटीवाल्याशी झालेला संवाद त्यांनी मला जिन्यात उभं राहून दोन्ही आवाजांत करून दाखवला. "चाचा, ये क्या है?" "चटई." "सोना है क्या अंदर?" "सोना नाय, जागा पकडना है." सिक्युरिटीवाल्याने चटई काढून घेतली. शेठ आत गेले. पुढच्या कॉन्सर्टला ते नवी चटई घेऊन हजर. तीही गेली. नेरूळच्या बाजारातला चटईवाला त्यांना आता भाव न सांगताच गुंडाळी बांधून देतो.

"अहो शेठ, तिथं सगळे उभे असतात. चटई कशाला?" मी एकदा विचारलं.

"सावंतसायब, आमच्या जत्रेन देवलापुढं ऑर्केस्ट्रा व्हायचा. दुपारधरना बाया चटया टाकून ठेवायच्या. जिची चटई पुढं ती पुढं. सरपंच उशिरा आला तर सरपंच मागं उभा. कोन काय बोलला नाय कवा. सरल गोष्ट हाय."

'सरल गोष्ट हाय' हे त्यांचं पालुपद. हे वाक्य आलं की समजायचं, आता पुढचा तासभर आपली सुटका नाही.

शेठ साठी ओलांडलेले आहेत. बुटके, रुंद, मिशा काळ्याभोर रंगवलेल्या. गळ्यात जाड सोन्याची साखळी आणि अंगात कायम काळा टी-शर्ट. त्यावर कुठल्या ना कुठल्या बँडची कवटी. शेठचं पोट मोठं असल्यामुळे ती कवटी चांगली बाळसं धरलेली दिसते. सोसायटीच्या सत्यनारायणालाही ते तसेच आले. भटजी दोनदा संकल्प चुकले. शेवटी म्हणाले, "शेठ, निदान वरून उपरणं तरी घ्या." शेठनी घेतलं. उपरण्याच्या कडेतून कवटीचा एक डोळा शेवटच्या आरतीपर्यंत भटजींकडे बघत होता.

त्यांना हे वेड लावलं गावातल्या एका बोटीवर काम करणाऱ्या माणसाने. त्याने तरुणपणी कधी तरी परदेशातून एक कॅसेट आणून दिली. तेव्हा शेठ वडिलांबरोबर भातशेती करत होते. पुढे ती शेती गेली, तिथे रस्ते आले, सेक्टर आले आणि आम्ही आलो. आमची बिल्डिंग उभी आहे ती घरतांच्याच, मोबदल्यात परत मिळालेल्या जमिनीवर. तिच्यात त्यांचे फ्लॅट आहेत, खाली दुकानं आहेत. इंग्रजी त्यांना येत नाही. "शब्द कोनाला पायजेत?" ते म्हणतात. "तो मानूस बेंबीच्या देठापासना वरडतो, ते मना पटता." रोज संध्याकाळी ते हे पटवून घेतात. वर आमच्या मांडणीतले डबे थरथरतात. आमची ही डाळीचा डबा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फोडणी द्यायला शिकली आहे.

तक्रार मात्र कोणी करत नाही. जमीनमालकाकडे कोण तक्रार करणार? त्यांच्याकडे सगळे मागायलाच जातात. कोणाला भाडं पुढे ढकलायचं असतं, कोणाला गणपतीची वर्गणी हवी असते. पुतण्यांना प्लॉटवर सही हवी असते, इस्टेट एजंटांना दुसऱ्या प्लॉटवर. त्यांची बायको वारल्यापासून त्यांच्या दाराची बेल तर वाजतच असते. मुलगा परदेशात आहे. तोही फोन करतो तो रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलं हे विचारायला. मीसुद्धा त्यांच्या घरी सोफ्यावर बसलो असेन तो पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबद्दल बोलायलाच.

तर अशा या शेठनी एका रविवारी सकाळी आमची बेल वाजवली. हातात मोबाइल, चेहरा लालबुंद.

"ह्यो काय गुलाबी हाय?"

मी चष्मा लावला. शेठ ज्या बँडची कितीतरी वर्षं वाट बघत होते तो बँड आमच्या जवळच्या स्टेडियममध्ये येणार होता. मोबाइलवर मैदानाचा नकाशा होता. स्टेजला लागून एक मोठा गुलाबी पट्टा, त्याच्या मागे कठडा आणि कठड्याच्या मागे उरलेलं सगळं मैदान करड्या रंगाचं.

"हा प्रीमियम स्टँडिंग," मी वाचून सांगितलं. "तिकीट बरंच महाग आहे. पण स्टेजच्या पुढ्यात उभं राहायला मिळतं."

"आनि करडा?"

"साधं तिकीट. ते मागे."

"म्हंजी करड्यातला मानूस सकालपासना आला तरी मागं, आनि गुलाबीवाला बँड चालू झाल्यावर आला तरी पुढं?"

"अहो, मग त्यात काय? जास्त पैसे भरले त्यांनी. नाटकाला पहिल्या रांगेचं तिकीट महाग नसतं का?"

"नाटकाला खुर्ची असते. खुर्चीला नंबर असतो. खुर्ची इका, माजा काय म्हनना नाय. इथं खुर्ची हाय कुठं? इथं नुसता उभा र्‍हायचाय. उभा र्‍हायला पाय लागतात सायब, पैशे नाय. सरल गोष्ट हाय."

स्वयंपाकघरातून आमची ही बाहेर आली. "भावजी, देवळातसुद्धा हल्ली पास काढला की लवकर दर्शन मिळतं. देवाच्या दारात चालतं ते तुमच्या बँडला का नको?"

"वैनी, देव डोले मिटून बी दिसतो. ड्रमवाला नाय दिसत."

ही हसत आत गेली. मला मात्र हार मानवेना. आयुष्यभर मी विमा कंपनीत नोकरी केली आहे. जास्त हप्ता भरणाऱ्याला जास्त मिळतं हे मी लोकांना पटवत आलो. आणि शेठना काय कमी होतं? मनात आणलं असतं तर त्यांनी सगळा गुलाबी पट्टा विकत घेतला असता. तसं मी म्हटलंही.

"पैशाचा प्रश्न नाय," ते म्हणाले.

"मग खालच्या पार्किंगमधल्या तुमच्या तीन राखीव जागांचं काय? जो आधी येईल त्याने तिथे गाडी लावावी, असं का नाही?"

शेठ तडक जिना उतरून गेले. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर शेठच्या तिन्ही गाड्या रस्त्यावर आणि रिकाम्या पार्किंगमध्ये खडूने लिहिलेलं, 'जो येल त्याची'. पुढचे चार दिवस सोसायटीत त्या जागांवरून जी भांडणं झाली ती विचारू नका. एका गाडीचा आरसा फुटला, दुसरीवर कावळ्यांनी कृपा केली. शेठ मागे हटले नाहीत. "आता बोला," ते मला म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मोर्चा काढायचं ठरवलं.

इथे बाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. आमच्या या शहराखाली ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या गावांत मोर्चा हा घरोघरी ठाऊक असलेला विषय आहे. निवेदन कसं द्यायचं, साहेब 'बघतो' म्हणाला तर खुर्चीवरून का उठायचं नाही, चहा आला तर घ्यायचा की नाही, हे तिथली माणसं लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून शिकली आहेत. शेठही तसेच शिकले. फक्त त्यांच्या वडिलांनी शेतासाठी मोर्चे काढले आणि शेठ स्टेजसमोरच्या वावभर जागेसाठी काढत होते. त्यांनी पाटी रंगवून घेतली, 'उभा राहील त्याची जागा'. पुतण्यांना बोलावलं. पुतणे म्हणाले, काका, सहीचं बघा, मग येतो. शेवटी सानपाड्याला आयोजकांच्या ऑफिसवर जो मोर्चा गेला त्यात दोन माणसं होती. एक शेठ. दुसरा मी, कारण ही म्हणाली, "त्यांना एकट्याला जाऊ देऊ नका, ब्लडप्रेशर आहे."

ऑफिस काचेचं होतं. वरुण नावाचा एक गोड मुलगा बाहेर आला. "सर, अॅक्च्युअली हा टियर्ड एक्सपीरियन्स आहे," तो म्हणाला.

"काय हाय?"

"म्हणजे प्रत्येकाला आपापल्या बजेटप्रमाणे अनुभव."

"अनुभव आमाला बक्कल हाय," शेठ म्हणाले आणि सोफ्यावर मांडी घालून बसले. "तू मना येवढा सांग. तुज्या गुलाबीतली मानसं कवा येतात?"

वरुण प्रामाणिक होता. "थोडी लेट येतात सर."

"आनि येऊन काय करतात? स्टेजकडं पाठ करून सोताचे फोटो काढतात. मी बगितलाय. गायक बिचारा रिकाम्या जमिनीला गाना सांगतो, आनि जी पोरा रडत रडत सगली गानी म्हनतात ती तिकडं कोसभर मागं. हे त्या गायकाला तरी बरा वाटत आसल का?"

वरुणने टाळूवरून हात फिरवला. मला वाटतं, त्याला ते पटलं होतं, पण पटून त्याच्या हातात काही नव्हतं. "सर, गुलाबी झोनमुळे साधं तिकीट स्वस्त ठेवता येतं," तो म्हणाला. हा मुद्दा मला फार आवडला. मी मान डोलावली. शेठनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान परत जागेवर आणली.

चहा आला. शेठनी घेतला नाही. मी घेतला. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा वरुण म्हणाला, "वरती बोलतो सर." शेठ उठले. "बोल. नायतर मी गेटवर पाटी घेऊन उभा हाय."

आणि खरोखर कार्यक्रमाच्या दिवशी ते उन्हं चढायच्या आत गेटवर उभे राहिले. साधं करडं तिकीट खिशात, पाटी हातात. माझंही तिकीट त्यांनीच काढलं होतं, साक्षीदार म्हणून. मी दुपारी ताक घेऊन पोचलो. त्यांच्यामागे तोवर पुष्कळ पोरं जमली होती आणि सगळी त्यांच्या पाटीबरोबर फोटो काढून घेत होती. मला एक गोष्ट विचित्र वाटली. शेठच्या गळ्यात साखळी नव्हती, बोटांत अंगठ्या नव्हत्या, टी-शर्ट खांद्यावर उसवलेला होता आणि पायांत झिजलेली स्लिपर.

"गर्दीन चोरी व्हते," ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. "आमची मानसं येतील आता. ड्यूटी सुटली का येतील."

मला वाटलं, अखेर पुतण्यांना दया आली.

माणसं यायच्या आधी वरुण आला. पाटी आणि तिच्याभोवती वाढणारी गर्दी बघून तो घाबरला असावा. "सर, प्लीज या," म्हणत त्याने आम्हा दोघांच्या मनगटांना गुलाबी पट्ट्या बांधल्या आणि बाजूच्या छोट्या दरवाजाने आम्हाला आत घेतलं. पाटी बाहेरच राहिली. शेठची छाती फुगली. "बगितलात? आधी आला तो आधी आत. मान्य केलानी!" त्यांना खरंच वाटलं की मागणी मान्य झाली. त्या गुलाबी पट्टीचा अर्थ मला कळला होता. पण त्या वेळी मला खुर्ची, पंखा आणि थंड पाणी या तीनच गोष्टी दिसत होत्या, म्हणून मी बोललो नाही.

आतली जमीन चक्क गालिच्याने झाकलेली. एका बाजूला सरबताचं दुकान. माणसं तुरळक. शेठ थेट स्टेजच्या कठड्याशी गेले आणि दोन्ही हातांनी लोखंड धरलं. ड्रम इतके जवळ होते की त्यांच्यावरचे स्क्रू दिसत होते. मग ते वळून मागे बघायला लागले. आमच्या मागे आमच्या सोसायटीच्या नवरात्राचा मांडव मावेल एवढी मोकळी जागा होती. तिच्या पलीकडे दुसरा कठडा आणि तिथे धावत येऊन थडकणारी पोरं.

"ती का थांबलीत तिकडं?"

मी सांगितलं. ही मागणी मान्य झालेली नाही, शेठ. आपल्याला गुलाबीत घातलंय, गप्प बसावं म्हणून.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. ते त्या मागच्या कठड्याकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले, आणि तिकडून एक मुलगी दोन्ही हात वर करून ओरडली, "दामूकाका!"

आमच्या सेक्टरमध्ये त्यांना कोणी काका म्हणत असेल तर ते पुतणे, आणि तेही सही हवी असेल तेव्हाच.

शेठ गालिचा तुडवत निघाले. मी मागे. मधल्या वाटेवर एक धिप्पाड सिक्युरिटीवाला उभा होता.

"मना तिकडं जायचाय."

"काका, टॉयलेट उधर है."

"टॉयलेट नाय. मागं जायचाय. करड्यान."

त्याला कळेना. पुढे घुसणाऱ्यांना कसं अडवायचं हे त्याला शिकवलेलं होतं. मागे जाणाऱ्याचं काय करायचं हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्याने वायरलेसवर विचारलं, "एक अंकल पीछे जाने को बोल रहे हैं." पलीकडून काही तरी खरखरलं. "पूछ रहे हैं, क्यों?"

"आमची मानसं हायत तिकडं," शेठ म्हणाले. त्यांनी ती गुलाबी पट्टी दातांनी तोडली आणि त्याच्या हातात ठेवली. त्याने दोन कठड्यांमधली फट उघडली. गालिच्याचा निरोप घेऊन मीही गेलो.

मुलीचं नाव श्वेता. सीवूड्सच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात ती दिवसभर उभी असते. तिच्याबरोबर बंटी, दाढीवाला, तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला. दोघांची शेठशी ओळख अशाच कॉन्सर्टच्या गर्दीत झालेली. मागून सगळं मैदान रेटत होतं आणि या दोघांनी कोपरं फाकवून मध्ये एका रुंद माणसाएवढी फट धरून ठेवली होती. शेठ तिच्यात बरोबर बसले.

"कुठे होतात तुम्ही?" श्वेता त्यांच्यावर उखडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "गेटवर पाटी पडलेली, माणूस नाही! किती शोधलं आम्ही! मला वाटलं, उन्हात चक्कर येऊन पडले की काय."

"त्यांनी जबरदस्ती पुढं घातला मना."

"फोन का नाही वापरत हो काका तुम्ही?" तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला वडापाव काढला. "खाल्लंय का सकाळपासून काही? धरा. मिरची काढलीये, तुम्हाला त्रास होतो."

शेठच्या खिशात तेव्हा दोन मोबाइल बंद करून ठेवलेले होते. त्यांनी वडापाव दोन्ही हातांनी घेतला आणि मान खाली घालून खाल्ला. इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखतो. लोकांना देताना मी त्यांना हजारदा पाहिलं होतं, कोणाकडून काही घेताना कधीच नाही.

मग दिवे गेले आणि तो आवाज सुरू झाला. बँड एवढ्या लांबून करंगळीएवढा दिसत होता. पुढचा गालिचा अर्धा रिकामाच राहिला आणि त्यावरची निम्मी माणसं पाठमोरी फोटो काढत होती. वरुण त्यांच्यात उभा राहून आमच्याकडे बघत होता, ते मी पाहिलं. या बाजूला कोणाचा पाय कोणावर पडतोय कळत नव्हतं. श्वेता रडत होती, बंटी गुरासारखा ओरडत होता आणि शेठ दोघांच्या खांद्यांवर हात टाकून एकही शब्द न समजणारं गाणं बेंबीच्या देठापासून म्हणत होते. माझा कान दुखत होता, कंबर दुखत होती. तरी गुलाबी जागा सोडून आल्याचं मला वाईट वाटलं नाही. विमा कंपनीत काम केलेल्या माणसाने हे लिहिणं सोपं नाही.

कार्यक्रम सुटला. "पुढच्या येलेला परत मोर्चा हाय," शेठनी बंटीला बजावलं. "दोघं नाय, सगली यायचा." बंटी त्यांना पाण्याची बाटली आणून द्यायला गेला, तेवढ्यात श्वेताने मला बाजूला घेतलं.

"तुम्ही काकांच्या बिल्डिंगमध्ये राहता ना?"

"हो."

"मग सोसायटीत जरा बोला ना. एवढ्या वयात वॉचमनची नोकरी, त्यात टी-शर्ट बघा कसा झालाय. काही तरी वाढवा त्यांचं. तुम्ही लोकं एसीत झोपता आणि ते रात्रभर खुर्चीत." ती खरंच माझ्यावर चिडली होती. शेठ दोन पावलांवर उभे होते आणि सगळं ऐकत होते. "आणि आज त्यांना एकटं नका पाठवू. घरापर्यंत नीट सोडा. त्यांना कोणी नाहीये ना."

"सोडतो," मी म्हटलं.

ते दोघं स्टेशनकडे वळले. मी शेठकडे बघितलं. ज्या बिल्डिंगचे ते वॉचमन ठरले होते ती त्यांच्या बापाच्या शेतावर उभी आहे, हे मला बोलून दाखवायचं होतं. थट्टा करायला तोंडात शब्दही आले होते.

"वॉचमनचा खोटा हाय," शेठच आधी बोलले. "शेठ सांगितला असता तर वडापाव मीच दिला असता कायम." मग स्टेशनच्या दिशेने बघत म्हणाले, "ती शेवटाला बोलली ते मात्र मी तिला खोटा नाय सांगितला."

इतक्या वर्षांत मी खालच्या मजल्यावर एकदाही नुसता, टाकीच्या कामाशिवाय, गेलो नव्हतो, आणि त्याची मला भर गर्दीत लाज वाटली.

"असे उभे काय र्‍हायलात, सायब?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "ती पोरगी वलून बगतेय अजून. तुमी मना घरी सोडताय, असा दिसला पायजे तिला."

मी पुढे झालो आणि त्यांचा हात धरला.